माफीची गाडी

अब्बांना एका दिवसात तीन ठिकाणी दुआ मागायची होती आणि दोन ठिकाणी मार खायचा होता. हे सगळं एका भाड्याच्या गाडीत बसवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पोटासाठी मी तेच करते.

भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसात दारामागचं टेबल माझं. बाहेरगावचे लोक फोन करतात आणि विचारतात, बाई, एका दिवसात सगळी जियारत होईल का? जुनी मशीद, मोठी मशीद, दर्गा, सगळं? मी होईल म्हणते आणि त्यांना दिवस आखून देते. नवशिक्यांना वाटतं, जवळचं आधी घ्यायचं आणि लांबचं नंतर, की झालं. तसं केलं की भरदुपारी कुलपासमोर उभं राहायची वेळ येते. दिवस उलटा आखायचा असतो. आधी कुठली नमाज कुठे पडायची ते ठरवायचं, मग बायकांना कुठे आत सोडतात, गाडी कुठे उभी राहते, चपला कोण सांभाळतं ते बघायचं, आणि उरलेल्या फटींत रस्ता बसवायचा. माझा आखलेला दिवस कधी फसत नाही असं आमचे मालक चारचौघांत सांगतात. पगार वाढवायच्या वेळी त्यांना ते आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

अब्बांचा धंदा पाटे ठोकायचा. ट्रकच्या चाकांवरचे लोखंडी पाटे सपाट झाले की ते तापवून, ठोकून पुन्हा बाकदार करायचे. गल्लीत त्यांना 'घण' म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे. घण नुसता लोखंडावर पडला असता तर आमचं बरं चाललं असतं. एका कामगाराच्या हातून तापलेला पाटा निसटला म्हणून त्यांनी त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. सख्ख्या भावाचे, म्हणजे आमच्या चाचांचे, पुढचे दात पाडले, ते आजोबांच्या दफनाच्या दिवशी, मयत ठेवायला कबरीत आधी कोण उतरणार यावरून. आणि अम्मीचं तर विचारूच नका. तिचं एक मनगट वाकडं बसलंय, आणि डोक्यात एक रेघ आहे तिथे केस उगवत नाहीत. ती भांग तिथूनच पाडते, म्हणजे कुणाच्या लक्षात येत नाही.

यंदा अब्बांचा हजचा नंबर लागला. जाण्याआधी ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याची माफी मागून जायचं असतं. मौलवींनी तेवढंच सांगितलं होतं. मार खायची अक्कल अब्बांची स्वतःची.

"नुसतं माफ केलं म्हणतात आणि मनात ठेवतात," ते म्हणाले. "मी ज्याला मारलं त्याने मला मारावं. फिट्टंफाट. वर गेल्यावर कुणी माझी गचांडी धरायला नको."

सुट्टीच्या दुपारी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. अब्बांना कागदावर मारलेल्या रेघा समजत नाहीत, म्हणून त्यांनी वस्तू मांडल्या. मिठाची बरणी म्हणजे मोठी मशीद. काडेपेटी म्हणजे त्या कामगाराचं टायरचं दुकान, कारण तो आता स्वतःचं दुकान चालवतो. त्याच्या शेजारी लिंबू ठेवलं ती जुनी मशीद. सुरी म्हणजे चाचांची बेकरी. चहाचा कप उपडा घातला तो टेकडीखालचा दर्गा.

"टायरवाला आधी," अब्बा म्हणाले. "मग सरळ जुन्या मशिदीत."

"रक्त येणार का?" मी विचारलं.

"येणारच. त्याचा हात भारी आहे. मीच शिकवलाय."

"मग वजू मोडेल. पुन्हा हातपाय-तोंड धुतल्याशिवाय नमाज नाही. म्हणजे मार खायचा तो पाण्याच्या जवळपास, आणि दुपारची अजान व्हायच्या बरंच आधी. नाक फुटलं तर रक्त थांबायला वेळ लागतो."

अब्बांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा बापाचं कौतुक वाट्याला आलं, तेही या बाबतीत.

अम्मी शेगडीपाशी भाजी परतत होती. तिने मागून हात घातला आणि मिठाची बरणी उचलली. अब्बांनी मान न वळवता उलट्या हाताने हाणली. हात तिच्या तोंडावर बसला, बरणी फरशीवर पडून फुटली.

"मशीद उचलते," ते म्हणाले, आणि मग मला, "हं, म्हणजे बेकरी दुपारनंतर?"

मीठ फरशीभर झालं. अम्मी ते गोळा करायला खाली बसली. ओठातून रक्त येत होतं, ते मिठात पडू नये म्हणून तिने ओढणी तोंडाशी धरली होती. माझं डोकं असं सणकलं की समोरची सुरी, म्हणजे बेकरी, मी उचलली आणि बाजूला ठेवली. हातात राहायला नको म्हणून.

"आणि अम्मीची माफी कधी मागणार?" मी विचारलं.

अब्बांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी अम्मीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिची काय मागायची? ती घरातलीच आहे."

"मौलवींनी घरातले वगळा म्हणून सांगितलं?"

त्यांनी थोडा विचार केला. भीती वाटली असावी. घण असला तरी मरणाला आणि मौलवींना ते वचकून असतात.

"बरं. मागू. सगळं उरकून घरी आलो की मागतो. ती कुठे पळून जाते?"

ते हात धुवायला बाहेर गेले, तेव्हा अम्मी खालूनच हळू आवाजात म्हणाली, "मला विचारलं तर मी नाही म्हणणार आहे."

अम्मीने आजवर कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. आणि तिने नाही म्हटलं तर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. हजला निघालेल्या माणसाला बायकोने माफ केलं नाही, म्हणजे अब्बांच्या हिशेबाने गेलेला सगळा खर्च, सगळी वाट, सगळं पाण्यात. घरी, दार लावून, ते तिचा जीव घेतील. हे मी वाढवून सांगत नाही. एकदा थोडक्यात राहिली होती.

"म्हणू नकोस," मी म्हटलं.

"म्हणणार. खोटं बोलून त्यांना तिकडे पाठवू का?" ती मिठातला काचेचा तुकडा बाजूला काढत म्हणाली. "बाकी सगळं सहन केलं. हे नाही."

तेव्हा मी माझा धंदा केला. दिवस पुन्हा उलटा आखला, या वेळी अम्मीच्या जागेपासून. दर्ग्याच्या अंगणात दुपार कलल्यावर गर्दी असते. एका बाजूला बायका बसतात, दुसऱ्या बाजूला पाण्याचे नळ, मध्ये येणारेजाणारे, फुलंवाले, दर्ग्याचे दोन धिप्पाड सेवेकरी. तिथे कुणी बाईवर हात उचलला तर तो हात तिथेच धरला जातो. मी अब्बांना म्हटलं, घरी काय माफी मागता, दर्ग्यात मागा, तिथली पक्की. त्यांना ते एकदम पटलं. अम्मीलाही मी सांगितलं, तिथे विचारतील, तिथेच काय ते बोल, मी बाजूला असेन. ती काही बोलली नाही. मी ते हो धरलं.

ड्रायव्हर ओळखीचे मागवले. पिकलेल्या मिश्यांचे काका, ऑफिसातले सगळ्यात जुने. त्यांना सगळं खरं सांगावं लागलं, कारण सीटवर डाग पडले असते तर माझ्यावर आलं असतं. ते ऐकून त्यांनी पुढच्या सीटवर आधी प्लास्टिक अंथरलं, त्यावर जुनी चादर.

"मी लग्नाची वरात नेलीय, बाळंतीण नेलीय, मयत नेलंय," ते म्हणाले. "मार खायला निघालेलं गिऱ्हाईक पहिलंच."

अब्बा पांढरेशुभ्र कपडे घालून पुढे बसले. अम्मी त्यांच्या मागे, मांडीवर टॉवेलांची पिशवी आणि बर्फाचा डबा. मी तिच्या शेजारी.

टायरवाला एका चाकातून रबर ओढून काढत होता. अब्बांना पाहून त्याचा चेहरा उतरला. इतका मोठा माणूस, स्वतःचं दुकान, पण त्याचा हात आपोआप गळ्यापाशी गेला. अब्बांनी त्याला सगळं समजावलं, माफी मागितली, आणि टोपी काढून माझ्याकडे दिली.

"मार," ते म्हणाले.

"उस्ताद, असं नका बोलू."

"लाजू नकोस. तुझा हक्क आहे."

तो नाही नाही म्हणत होता. तोंडाने नाही आणि डोळ्यांत काही वेगळंच. मग त्याने रबर खाली ठेवलं, हात पुसले, आणि मूठ वळून अब्बांच्या तोंडावर मारली. अब्बा रचलेल्या टायरांवर जाऊन आदळले. उठले. "एवढंच?" म्हणाले. मग तो थांबेना. पोटात मारलं, मग नाकावर, मग वाकलेल्या पाठीवर कोपर. दुकानातली गिऱ्हाइकं तोंड वासून बघत होती. शेवटी काकांनीच त्याला मागून मिठी घातली. तो हमसून रडत होता आणि त्याच्या मुठीवर अब्बांचं रक्त होतं. अब्बांनी त्याच रक्ताळलेल्या तोंडाने त्याचं कपाळ चुंबलं.

"माफ?"

"माफ, उस्ताद. माफ."

जुन्या मशिदीच्या नळावर नाकातलं रक्त थांबायला मी ठरवल्यापेक्षा जास्तच वेळ लागला, पण मी फट मोठी ठेवली होती. अब्बांनी वजू केला, नफल, म्हणजे जादाची, नमाज पढली आणि बाहेर आले ते अगदी खुशीत. एक डोळा मिटत चालला होता.

"हलकं वाटतं," ते म्हणाले. "एक झालं."

मोठ्या मशिदीत दुपारची नमाज झाली. लोक त्यांच्याकडे पाहून बाजूला सरकत होते. तिथून बेकरी.

चाचांनी आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि माफी हा शब्द ऐकताच दोन्ही हात जोडले. "भाईजान, मी कधीच माफ केलं. जा, सुखाने जा."

"मार."

"मी नाही मारणार. अल्लाचा वास्ता."

"मार म्हणतो ना!" अब्बांनी त्यांची गचांडी धरली आणि पिठाच्या पोत्यांवर दाबलं. चाचा हाडकुळे, त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले. "मनात ठेवतोस? मला वर अडकवतोस? मार!" असं म्हणत अब्बांनी त्यांना एक थोबाडीत दिली. माफी मागताना दिली. मी आणि काका धावलो, पण त्याआधी चाचांच्या हाताला भट्टीतून पाव काढायची लांब दांड्याची फळी लागली होती. त्यांनी डोळे मिटून ती फिरवली. तिची कड अब्बांच्या जबड्यावर बसली. दोन दात पिठात पडले. चाचा ओरडत राहिले, "घ्या, घ्या, झालं समाधान?" आणि फळी पुन्हा पुन्हा खांद्यावर, बरगड्यांवर पडत राहिली. अब्बा गुडघ्यावर बसून मोजत असल्यासारखे मान हलवत होते. शेवटी फळी मोडली.

मी त्यांना गाडीत बसवलं. अम्मीने पुढे वाकून बर्फ टॉवेलात गुंडाळून त्यांच्या जबड्याला लावला. तिचा हात स्थिर होता. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर पीठ आणि रक्त मिळून लगदा झाला होता. मला दया यायला हवी होती. आली नाही. मला वाटत होतं, अजून थोडं चालायला हरकत नव्हती.

दर्ग्याच्या रस्त्याला आम्ही वेळेत लागलो. सगळं मी आखलं तसं चाललं होतं. कमान दिसायला लागली, तिच्या आत अंगणातली गर्दी दिसली, आणि माझ्या जिवात जीव आला. काकांनी भिंतीच्या सावलीला गाडी लावली.

"आता तुझी पाळी," अब्बा जड जिभेने म्हणाले. मान वळत नव्हती, म्हणून आरशातून अम्मीकडे पाहत होते. "आत जाऊन विचारतो. तयार राहा."

"तिथे विचारू नका," अम्मी म्हणाली.

"का?"

"तिथे मला नाही म्हणता येणार नाही. तिथे मी मागायला जाते. ही पोटात होती तेव्हा गेले, माझी आई आजारी होती तेव्हा गेले. त्या दारात उभी राहून मी कुणाला नाही म्हणू शकत नाही, तुम्हालासुद्धा नाही. म्हणून इथेच सांगते. मी माफ केलेलं नाही."

एवढं मला सुचायला हवं होतं. शेकडो लोकांचे दिवस मी आखले, आणि माझ्या आईला त्या अंगणात काय होतं ते मला माहीत नव्हतं. मी गर्दी मोजली होती, नळ मोजले होते, सेवेकरी मोजले होते.

मग अब्बा म्हणाले, "पुन्हा म्हण."

"माफ नाही."

त्यांचा हात सीटवरून मागे आला आणि अम्मीच्या डोक्यात बसला. तिचं कपाळ काचेवर आपटलं. बर्फाचा डबा खाली सांडला. काका "अहो, अहो" करत त्यांचा खांदा धरायला गेले, तर त्यांच्या छातीत कोपर बसलं आणि ते स्टिअरिंगवर कोसळले. अब्बा दार उघडून उतरले आणि त्यांनी मागचं दार ओढून उघडलं. मोडलेल्या बरगड्यांच्या माणसाला इतकं बळ कुठून येतं कोण जाणे. त्यांनी अम्मीचे केस मुठीत धरले आणि ओढायला लागले. "म्हण माफ! म्हण! आख्खा दिवस मार खाल्ला मी!" अम्मीचं अर्धं अंग बाहेर गेलं. तिने सीट धरून ठेवली होती. ती ओरडत नव्हती.

मी सीटवर पाठ टेकून दोन्ही पाय तिच्यावरून पलीकडे नेले आणि अब्बांच्या बरगड्यांवर लाथ घातली, चाचांनी मारलं होतं तिथेच. केस सुटले. ते मागे कोलमडले आणि पडू नये म्हणून त्यांनी दाराची चौकट पकडली. मी अम्मीला आत खेचलं, दाराची मूठ धरली आणि असेल नसेल तेवढ्या जोराने दार ओढलं.

हाडांचा आवाज झाला. अब्बांचा आवाज त्यानंतर आला. चारही बोटं दारात होती. मी दार उघडलं. त्यांना बोटं काढायलासुद्धा सुचलं नाही. ते नुसते बघत राहिले. मी दार पुन्हा ओढलं. दुसऱ्यांदा काही गरज नव्हती. मला ते तेव्हाही कळत होतं.

मग ते रस्त्यावर बसले, हात मांडीवर घेऊन. कमानीतून माणसं धावत आली. ते दोन सेवेकरीही आले, मी आखल्याप्रमाणे, फक्त उशिरा. काका छाती चोळत उतरले आणि म्हणाले, "यांना दवाखान्यात नेतो. तुम्ही दोघी थांबा." लोकांनी मिळून अब्बांना पुढच्या सीटवर ठेवलं. ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"माझं कसं होणार?" ते खिडकीतून अम्मीला म्हणाले.

"ते मला विचारू नका," अम्मी म्हणाली.

गाडी गेली. आम्ही भिंतीच्या सावलीत उभ्या होतो. अम्मीच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि केस सुटून तोंडावर आले होते. आज घरी गेल्यावर दार लावलं तरी आत कुणी नसेल. मला हसू येत होतं. मी तिला वाचवलं होतं. तिचे केस सारखे करावेत आणि तिला आत घेऊन जावं म्हणून मी हात वर केला.

अम्मी झटकन खाली वाकली. दोन्ही हातांनी तिने डोकं झाकलं.

"अम्मी, मी आहे," मी म्हटलं.

"माहितेय," ती म्हणाली. ती तशीच वाकून उभी राहिली, आणि मी हात खाली घेईपर्यंत तिने डोक्यावरचे हात काढले नाहीत.